कुनिमात्सुसान अजिसाई बघायला जातात

पावसात गुच्छांनी फुलणाऱ्या अजिसाईची फुलं बघून येणं म्हणजे काय मोठंसं, असं ज्यांना वाटतं त्यांनी ती कुनिमात्सुसानांच्या नेतृत्वाखाली बघितलेली नाहीत.

कुनिमात्सु शोझो हे जेवणाचे डबे तयार करणाऱ्या एका कंपनीतून मार्चअखेर निवृत्त झाले. डबे म्हणजे अख्खा डबा नव्हे, झाकण. झाकण विभागाचे ते प्रमुख होते आणि डब्याचं खरं शास्त्र झाकणात असतं, हे ते कुणालाही, न विचारता, पटवून देत. निवृत्तीनंतरच्या एप्रिलमध्ये त्यांनी घरातली सगळी झाकणं आपापल्या भांड्यांशी जुळवून दिली. मे महिन्यात हाताला काही काम उरलं नाही. मग जूनची झड लागली, आणि एका सकाळी वाटीत मिसोचं सूप ओतता ओतता त्यांची बायको फुमिए म्हणाली, "अहो, यंदा अजिसाई बघायला जाऊया का? कुठल्यातरी लहानशा बागेत. दोघंच."

या वाक्यात लक्षात ठेवण्यासारखे शब्द दोन होते, 'लहानशा' आणि 'दोघंच'. कुनिमात्सुसानांनी 'जाऊया' तेवढा ऐकला.

"आखणी करावी लागेल," ते म्हणाले.

"आखणी कसली त्यात? छत्री घ्यायची नि गाडीत बसायचं."

"याच वृत्तीने झाकणं सैल होतात," कुनिमात्सुसान गंभीरपणे म्हणाले आणि सूप प्यायले. फुमिएने रिकामी वाटी उचलली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणूस झाकणांवर वाद घालत नाही.

दुसऱ्या दिवशी जळाऊ कचरा उचलून नेण्याचा वार होता. गल्लीच्या कोपऱ्यावर, कावळ्यांसाठी लावलेल्या जाळीखाली पिशवी सरकवताना त्यांना शेजारचे इनुइसान भेटले. इनुइसानांना फोटोंचा नाद. कचरा टाकायला येतानासुद्धा कॅमेरा गळ्यात, तान्हं मूल बांधावं तसा. त्यांना जगातल्या सगळ्या गोष्टी ठाऊक होत्या आणि त्या स्वतःजवळ ठेवण्याचा कंजूसपणा त्यांच्यात मुळीच नव्हता.

"मोठ्या देवळात नका जाऊ," बेत ऐकून ते म्हणाले. "तिथे फुलं कमी आणि छत्र्या जास्त. हिनोकिदानीला जा. निशिवाकी नावाचा एक म्हातारा आहे तिथे. घरामागे एवढीशी बाग. पण आहाहा! फक्त एक आहे, पाऊस पडत असेल तरच उघडी. ऊन पडलं की म्हातारा फाटक लावून घेतो. म्हणतो, उन्हातली अजिसाई बघणं म्हणजे गायिकेला सकाळी दात घासताना बघणं."

"उत्तम," कुनिमात्सुसान म्हणाले. नियम असलेली जागा त्यांना नेहमीच विश्वासार्ह वाटे.

"मी येतो बरोबर," इनुइसान म्हणाले. "तुम्हाला उजेडातलं काही कळत नाही."

हे आमंत्रण नव्हतं आणि विनंतीही नव्हती. ती बातमी होती. कुनिमात्सुसानांना नाही म्हणायचं होतं, पण नाही म्हणण्यासाठी लागणारं वाक्य सापडेपर्यंत इनुइसान घरात जाऊन बुटांना मेण लावू लागले होते.

बाग बघायला आधी नोंदणी लागते आणि ती हिनोकिदानीच्या पर्यटन कार्यालयात होते, असं कळल्यावर कुनिमात्सुसानांनी तिथे फोन लावला. पलीकडे उशिजिमा नावाचे गृहस्थ होते. आवाज असा की माणूस बोलतोय की छापील कागद, ते कळू नये.

"नोंदणी फॅक्सने स्वीकारली जाते," उशिजिमा म्हणाले.

"मी आत्ता तुमच्याशी बोलतोच आहे. घ्या की लिहून."

"फोनवर तुम्हीच आहात हे मला कसं कळणार?"

"मग फॅक्सवर कसं कळणार?"

"फॅक्सवर तुमचा शिक्का असतो," उशिजिमा म्हणाले.

दुसरा कोणी असता तर चिडला असता. कुनिमात्सुसानांना मात्र भरून आलं. मार्च महिन्यानंतर प्रथमच त्यांच्याकडे कुणीतरी शिक्का मागितला होता. त्यांनी ड्रॉवरमधून सहीच्या जागी उमटवायचा तो आपल्या नावाचा शिक्का काढला, पुसला, आणि पावसात कोपऱ्यावरच्या दुकानात फॅक्स करायला गेले.

यंत्राने कागद एकदा तिरका ओढला, एकदा परत दिला आणि एकदा गिळला. चौथ्या कागदावर शिक्का मारत असताना त्यांच्या मानेमागून आवाज आला, "अजिसाई? आणि मला पत्ताच नाही?"

या तोकुनागासान. गल्लीच्या रहिवासी मंडळाच्या अध्यक्षा. दर वर्षी भूकंपाच्या कवायतीत त्या भोंग्याशिवाय सूचना देत आणि शेजारच्या गल्लीतली माणसंही टेबलाखाली शिरत. त्यांनी कागद वाचला, कुनिमात्सुसानांच्या खिशातलं पेन घेतलं, माणसांच्या रकान्यातला तीनचा आकडा खोडला आणि चार केला.

"डबे मी आणीन," त्या म्हणाल्या. "तुम्ही फक्त झाकणं तपासा."

घरी येऊन त्यांनी ही प्रगती फुमिएला सांगितली. दोघंच म्हणून ठरलेली सहल आता चौघांची झाली आहे, हे ऐकून ती बराच वेळ काकडी चिरत राहिली. मग म्हणाली, "तोकुनागासान येताहेत ना? बरं झालं." बायको आपल्या नियोजनावर खूश आहे, असा कुनिमात्सुसानांनी याचा अर्थ घेतला.

ठरलेल्या दिवशी पाऊस छान कोसळत होता. कुनिमात्सुसानांनी छत्रीच्या टोकाला एक पांढरा रुमाल बांधला, म्हणजे गर्दीत कुणी चुकायला नको. गर्दी नव्हती. एका डब्याच्या गाडीत ते चौघं आणि पेंगणारा एक शेतकरी, एवढेच होते. तरी उतरताना त्यांनी छत्री उंच धरली आणि म्हणाले, "माझ्यामागून या." बसमध्ये चढताना म्हणाले, "माझ्यामागून या." बस रिकामी होती. दारही एकच होतं. बसायला जागा घेतल्यावर त्यांनी सगळ्यांना आसनाचा पट्टा कसा लावायचा ते सांगितलं. इनुइसान त्याच वेळी भिजलेल्या काचेतून फोटो कसा काढावा ते सांगत होते. दोघंही एकमेकांचं ऐकत नव्हते, त्यामुळे वाद झाला नाही.

हिनोकिदानीच्या थांब्यावर उतरून चौघं चालू लागले. रस्ता ओढ्याच्या कडेने जात जात एका फाट्याशी आला. एक वाट खाली जात होती, एक टेकडीवर. दमट हवेने कुनिमात्सुसानांच्या चष्म्यावर वाफ धरली. त्यांनी तो काढून पुसायला घेतला. बायका पुढे होऊन फाट्यावर उभ्या होत्या. इनुइसान मागे एका गोगलगाईसमोर उकिडवे बसले होते आणि तिला हलू नकोस म्हणून सांगत होते.

"कुठली वाट हो?" तोकुनागासानांनी विचारलं.

कुनिमात्सुसानांनी चष्मा लावला आणि झाकण विभागात आणीबाणीच्या वेळी करत तसा चेहरा केला. "वर. बाग नेहमी उंचावर असते. पाण्याचा निचरा." आणि छत्री उंचावून ते निघाले.

टेकडीवर एक कौलारू घर होतं. कुंपणाला लागून निळ्या, जांभळ्या, फिकट गुलाबी अजिसाईची झुडपं पावसाने जड होऊन रस्त्यावर लवली होती. फाटक उघडं होतं आणि आत एप्रन घातलेली सत्तरीची एक बाई उभी होती.

कुनिमात्सुसानांनी कमरेत वाकून नमस्कार केला. "कुनिमात्सु. दहाची नोंदणी. चार माणसं."

बाईने त्यांच्याकडे पाहिलं. रुमालाकडे पाहिलं. त्यांच्या खांद्यावरून मागे उभ्या असलेल्या दोघी बायकांकडे पाहिलं. मग तिनेही खूप खाली वाकून नमस्कार केला. "अरे हो हो. या ना. एवढ्या पावसात आलात! मी तोमी. या, आत या."

सुरुवात तर फार छान झाली. बाग लहान होती, अगदी इनुइसान म्हणाले होते तशीच एवढीशी. झुडपांच्या मधून एक पायवाट गेली होती, तिच्या एका बाजूला कांद्याच्या पातीचा वाफा, दुसऱ्या बाजूला कपडे वाळत घालायची काठी आणि कोपऱ्यात एक जुनं, गंजकं कपडे धुण्याचं यंत्र. त्याच्या उघड्या तोंडातून एक भलामोठा निळा गुच्छ वर आला होता.

कुनिमात्सुसान यंत्रासमोर थबकले. "हे..."

"कल्पना आहे ही," इनुइसान कुजबुजले. "आधुनिक. माणसाची कृत्रिमता आणि त्यातून उमलणारा निसर्ग. बघा, झाकण मुद्दाम काढलंय."

झाकण काढलंय म्हटल्यावर कुनिमात्सुसान अस्वस्थ झाले, पण कलेपुढे त्यांनी माघार घेतली. "माती आम्लयुक्त असल्याशिवाय असा निळा येत नाही," इनुइसान तोमींना म्हणाले. "तुम्ही मातीत काय घालता?"

"मी? काही नाही बाई. यंत्र बिघडलं. ह्यांना म्हटलं टाकून द्या. ह्यांनी टाकलं, ते तिथे."

"बघा!" इनुइसान म्हणाले. "किती साधेपणाने सांगतात!"

तेवढ्यात तोकुनागासान ओसरीच्या कडेला ऐसपैस बसल्या आणि डब्यांची गाठोडी सोडत म्हणाल्या, "चहा प्रवेशातच धरलाय ना हो?"

कुनिमात्सुसानांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण तोमी म्हणाल्या, "धरलाय तर! का नाही धरणार?" आणि लगबगीने आत गेल्या. फुमिए म्हणाली, "मी मदत करते," आणि तीही गेली. दोन अनोळखी बायका स्वयंपाकघरात शिरल्या आणि आतून हसण्याचा आवाज आला. चहा आला, खारवलेली काकडी आली, तांदळाच्या कुरकुरीत चकत्या आल्या. भाताचे गोळे सुटले. पाऊस कौलांवरून पागोळ्यांनी गळत होता आणि फुलं ओलीचिंब होऊन इतकी सुंदर दिसत होती की इनुइसानसुद्धा काही क्षण गप्प बसले. कुनिमात्सुसानांना वाटलं, आखणी म्हणतात ती ही.

दोन कप चहानंतर त्यांना आत जाणं भाग पडलं. तोमींनी दाखवलेल्या दाराने ते गेले, काम उरकून परतताना एक दार चुकले आणि सरळ बैठकीत शिरले. तिथे गंजिफ्रॉक घातलेले एक म्हातारे गृहस्थ टीव्हीवर जुनी तलवारबाजीची मालिका बघत थंड शेवया ओरपत होते.

"कोण?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

"दर्शक," कुनिमात्सुसान म्हणाले.

"कशाचे?"

"बागेचे."

"कुठल्या?"

"या. निशिवाकींच्या."

म्हाताऱ्यांच्या काड्यांमधली शेवई घसरून वाटीत पडली. "निशिवाकी खाली राहतो. ओढ्यापाशी. हे कुगिमियांचं घर. मी कुगिमिया."

टीव्हीत कुणाचं तरी मुंडकं उडालं. कुनिमात्सुसानांना ते आपलंच असावं असं वाटलं. परक्याच्या घरात शिरून त्यांनी चहा प्यायला होता. परक्याची काकडी खाल्ली होती. परक्याच्या बिघडलेल्या यंत्रापुढे मान लववली होती. आणि बाहेर इनुइसान बसले होते, ज्यांना हे कळलं की ते जळाऊ कचऱ्याच्या प्रत्येक वारी, दोघांपैकी एक मरेपर्यंत, कावळ्यांसकट सगळ्यांना सांगत बसणार होते.

ते गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी चटईला कपाळ टेकवलं. "क्षमा करा. मी आत्ता जाऊन तुमच्या पत्नींना सगळं सांगतो आणि आम्ही निघतो."

"खबरदार!" कुगिमिया दबक्या आवाजात ओरडले. "ती स्वयंपाकघरात ओठांना रंग लावून गेली आहे. बघितलं मी. किती वर्षं म्हणतेय, कुणीतरी माझी फुलं बघायला या. कुणीतरी म्हणजे मी. तुम्ही आता चुकून आलो म्हणालात, तर उद्या पावसात मला उभं राहावं लागेल. माझे गुडघे बघा. तुम्ही मोठ्याने कौतुक करा. निळ्याचं जास्त करा, तो तिचा लाडका."

"पण हे खोटं..."

"फुलं खोटी आहेत का?"

कुनिमात्सुसानांनी कपाळावरची चटईची खूण चोळली. ते बाहेर आले आणि घसा खाकरून म्हणाले, "काय निळा आहे हो!" आवाज जरा चिरकला, पण तोमी लाजल्या.

इथे सगळं निभावलं असतं. पण ओसरीवर उघड्या छत्र्या, डबे आणि एक पांढरा रुमाल दिसला की रस्त्याने जाणाऱ्याला ते प्रेक्षणीय स्थळ वाटणारच. पुढच्या बसने आलेलं एक जोडपं फाटकातून आत आलं. त्यांच्यामागून तिघी मैत्रिणी आल्या. त्यांनी कुनिमात्सुसानांच्या छत्रीकडे बघून विचारलं, "मार्गदर्शक तुम्हीच का?"

कुनिमात्सुसानांनी कुगिमियांच्या खिडकीकडे पाहिलं. पडद्याआडून एक हात 'चालू दे' म्हणून हलला.

"माझ्यामागून या," ते क्षीणपणे म्हणाले.

त्यांनी निळा दाखवला, जांभळा दाखवला, कांद्याच्या पातीपाशी कुणी प्रश्न विचारू नये म्हणून भराभर चालले आणि यंत्रापाशी माणसाच्या कृत्रिमतेबद्दल बोलले. मैत्रिणींनी टाळ्या वाजवल्या. त्यातली एक तर म्हणाली की तिच्याही घरी असं यंत्र आहे आणि आता ती ते टाकणार नाही. कुनिमात्सुसानांना, खरं सांगायचं तर, मजा यायला लागली होती. आणि नेमके तेव्हाच फाटकापाशी सरकारी रेनकोटातला एक माणूस सायकलवरून उतरला.

"कुनिमात्सु नावाचं कुणी आहे का इथे? मी उशिजिमा, पर्यटन कार्यालय." तो आवाज समोरासमोरही तसाच छापील होता. "आपली नोंदणी दहाची. निशिवाकीसान तेव्हापासून फाटकात उभे आहेत. छत्रीशिवाय. रागाने."

बागेतली सगळी माणसं वळली. इनुइसानांचा कॅमेरा हळूहळू खाली आला. "म्हणजे ही निशिवाकींची बाग नाही?"

"ही बागच नाही," उशिजिमा म्हणाले. "आमच्या नकाशात नाही."

तोमींच्या हातातला चहाचा ट्रे किंचित खाली झुकला. चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, पण ते आता कुणीतरी विसरून गेलेल्या वस्तूसारखं दिसत होतं. ते कुनिमात्सुसानांनी पाहिलं. उभ्या आयुष्यात त्यांनी कार्यालयातून आलेल्या माणसाला उलट उत्तर दिलं नव्हतं. त्यांनी छत्री बंद केली. पाऊस सरळ डोक्यावर घेतला.

"उशिजिमासान," ते म्हणाले, "तुमचा नकाशा चुकला आहे. आम्ही इथेच आलो होतो. निशिवाकींकडे नंतर जाणार होतो. मुख्य बाग आधी, दुय्यम नंतर, अशी माझी आखणी आहे."

"तशी नोंद फॅक्समध्ये नाही."

"एक कागद यंत्राने गिळला असेल. हवा तर शिक्का मारून देतो." आणि त्यांनी खरंच खिशातून शिक्का काढला.

उशिजिमांनी शिक्क्याकडे पाहिलं. शिक्क्यापुढे ते वितळले. "मग हरकत नाही," ते म्हणाले, आणि वही काढत त्यांनी विचारलं, "मुख्य बागेचं नाव काय लिहू?"

"कुगिमिया," खिडकीतून आवाज आला. गंजिफ्रॉकवर घाईघाईने कोट चढवून म्हातारे स्वतः ओसरीवर आले, गुडघे धरत पावसात उतरले आणि बायकोशेजारी उभे राहिले. "कुगिमिया तोमी," त्यांनी दुरुस्ती केली. तोमी त्यांना म्हणाल्या, "अहो, निदान पायात तरी काही घाला!" पण त्यांना आत काही जाऊ दिलं नाही.

निरोप घेऊन चौघं उशिजिमांच्या सायकलीमागून टेकडी उतरले. निशिवाकींच्या फाटकाशी पोचले तेव्हा तिथे एक हडकुळे म्हातारे हाताची घडी घालून उभे होते. कुनिमात्सुसान माफी मागायला वाकले. वर झाले तर पाऊस थांबला होता. ढग फाटले आणि दरीत लख्ख ऊन पडलं. निशिवाकींनी आकाशाकडे पाहिलं आणि समाधानाने फाटक ओढून घेतलं.

"अहो, पण आमची नोंदणी आहे!" कुनिमात्सुसान म्हणाले.

"ढगांची आहे का?" म्हातारे आतून म्हणाले आणि कडी लागल्याचा आवाज आला.

परतीच्या बसमध्ये इनुइसान सगळ्यात मागे बसून फोटो बघत होते. खाली काहीच दिसलं नाही याचं दुःख त्यांना होतं, पण तोंडात वाक्य असं होतं, "मी म्हणालोच होतो ना, लहान बागेत जा!" तोकुनागासान पुढच्या आसनावर मान टाकून झोपल्या होत्या.

कुनिमात्सुसानांनी छत्रीच्या टोकाचा रुमाल सोडला. मग बायकोला म्हणाले, "तुला एक सांगायचंय. मघाशी मी जे बोललो ते तितकंसं खरं नव्हतं. वरच्या घरात आपण चुकून गेलो. फाट्यावर माझा अंदाज चुकला. तिथे साधी पाटी असती तर ही वेळ आली नसती."

"पाटी होती की," फुमिए म्हणाली.

"कुठे?"

"फाट्यावरच. निशिवाकी बाग, खाली, म्हणून बाण काढलेला."

"मला कशी दिसली नाही?"

"मी तिच्यासमोर छत्री धरून उभी होते."

बस वळणावर कलली. कुनिमात्सुसान कलले आणि परत सरळ झाले. "का?" त्यांनी शेवटी विचारलं.

"तुम्ही चष्मा पुसत होतात तेव्हा वर ती बाई दिसली. पावसात एकटीच, आपल्या फुलांकडे बघत उभी. आणि तुम्ही नि इनुइसान सकाळपासून असे काही शिकवत होतात, की म्हटलं, निदान तिची फुलं तरी कुणी बघावीत." तिने छत्रीची घडी नीट केली. "छान गेला ना दिवस?"

दिवस छान गेला होता, हे नाकारता येत नव्हतं. कुनिमात्सुसानांनी उरलासुरला मान गोळा केला. "गेला. पण तुझ्या छत्रीएवढी लहान पाटी लावणं हा पर्यटन कार्यालयाचा निष्काळजीपणा आहे."

"लहान कुठे? चांगली दाराएवढी होती. माझ्या एकटीच्या छत्रीने झाकली जाईना."

"मग?"

फुमिएने नुसती हनुवटी पुढे केली. पुढच्या आसनावर तोकुनागासान गाढ झोपल्या होत्या. डोळे घट्ट मिटलेले, तोंड उघडं, आणि दोन्ही खांदे हसण्याने गदगदा हलत होते.